सिक रिपोर्ट निल

संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी पिंप्राळ्यातल्या आमच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालत होतो. यंदाच्या दिवाळी अंकात परिसंवाद ठेवलाय म्हणे. विषय, लष्करी शाळा-महाविद्यालयांवरचा खर्च आता परवडतो का? आपण इतकी वर्षं अशा संस्थेत उस्ताद होतात, तरी आपलं अनुकूल वा प्रतिकूल मत थोडक्यात कळवावं. मी पत्राची घडी घालून खिशात ठेवली आणि बायकोवर विनाकारण ओरडलो. तिची काही चूक नव्हती. पण थोडक्यात! अनुकूल वा प्रतिकूल! म्हणजे वांगी घ्यायची की नाही तेवढं बोला, बाकी तोंड बंद.

हा वाद मी पंधरा वर्षं ऐकतोय. आमच्या कॉलनीतले निवृत्त लोक सकाळी फिरून आले की बाकावर बसतात आणि सुरू होतात. एक पार्टी म्हणते, हा पांढरा हत्ती आहे, तुमच्या शाळेनं आजवर अधिकारी दिले किती ते सांगा. दुसरी पार्टी म्हणते, देशाची शिस्त बिघडलीय, सगळ्याच पोरांना लष्करी शाळेत कोंबा, खर्च किती का होईना. मला दोघांचाही राग येतो. दोघांपैकी एकानंही माझ्या मैदानावर एक सकाळ उभं राहून बघितलेलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. एकदा एक प्रोफेसर मला म्हणाले, उस्ताद, तुम्ही तर घरचेच साक्षीदार, तुम्ही बोला. मी चपला घातल्या आणि घरी आलो. आता लिहितो. मत देणार नाही, घडलं ते सांगणार आहे. छापायचं तर छापा.

आधी मी कोण ते सांगतो. पारोळ्याच्या बाजूचं आमचं गाव. तिथल्या बौद्धवाड्यातून मी फौजेत गेलो, सतरा वर्षं पायदळात काढली आणि हवालदाराची पेन्शन घेऊन घरी आलो. घरी बसून माणूस करणार काय? सोनगीरच्या पुढे, आग्रा रोडपासून जरा आत एक लष्करी विद्यालय होतं, पाचवी ते बारावी, वसतिगृहासकट. तिथे कवायत शिकवायला माणूस हवा होता. तिथे लागलो आणि केस पांढरे झाल्यावरच बाहेर पडलो. कवायत शिकवणाऱ्याला फौजेत उस्ताद म्हणतात. लोकांना वाटतं, उस्ताद म्हणजे मिशा आणि शिव्या. मिशा होत्या. शिव्या आमचे प्राचार्य मेजरसाहेब जवळपास नसतील तेव्हाच.

काम काय, तर पहाटे शिट्टी, मग पळणं, मग कवायत, संध्याकाळी खेळ आणि हजेरी. बघणाऱ्याला हे सोपं वाटतं. एक पोरगा असा निघायचाच, की चालताना उजव्या पायाबरोबर त्याचा उजवाच हात पुढे यायचा. एरवी गावात धड चालत आलेला असायचा, पण 'तेज चल' म्हटलं की हातपाय विसरायचा. जितकं ओरडावं तितकं बिघडायचं. अशा पोराला मी रात्रीच्या जेवणाच्या बादल्या उचलायला लावायचो. दोन्ही हातांत बादल्या घेऊन मैदान ओलांडायचं, मग बादल्या ठेवून परत यायचं. परत येताना तो साधा चालायचा. हे कुठल्या पुस्तकात नाही, माझं मीच शोधलेलं आहे.

आईबाप तर विचारूच नका. जळगावचा एक सराफ पोराला घेऊन आला आणि माझ्यासमोर त्याचा दंड धरून म्हणाला, याला सरळ करा. मी विचारलं, वाकडा कुठे आहे? तर म्हणे, हा मला उलट बोलतो. मी म्हटलं, शेठ, उलट बोलणारं पोर सरळच असतं. तेव्हा मला हे नुसतं बोलायला येत होतं. पटलेलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी छातीवर हात ठेवून सांगतो. नव्या पोरांना मी सगळ्यात आधी ओळीत उभं राहायला शिकवायचो. हुकूम असा असतो : लंबा दाहिने, छोटा बायें. सगळ्यात उंच पोरगा उजव्या टोकाला, त्याच्या शेजारी त्याच्याहून जरा बुटका, असं करत सगळ्यात ठेंगू डाव्या टोकाला. त्यात बापाचा धंदा विचारत नाहीत, आडनाव तर नाहीच नाही. जळगावच्या इंजिनिअरचा पोरगा आणि शिरपूरकडच्या सालदाराचा पोरगा शेजारी यायचे, कारण दोघांची उंची सारखी. मला गावच्या शाळेत दाराजवळ बसवत. म्हणून दर जूनमध्ये पहिली ओळ लागली की मला फार बरं वाटायचं. बाकावरच्या लोकांनी खर्चाचं विचारलं तर मी एवढंच दाखवलं असतं. पण कुणी ते विचारत नाही, सगळे अधिकारीच मोजतात.

आता रागाचं सांगतो. शाळा चालवायची संस्था, आणि संस्थेचे अध्यक्ष होते, त्यांना सगळे अण्णासाहेब म्हणत. त्यांना शाळा म्हणजे घरचा बँड वाटायची. त्यांच्या पोराच्या लग्नात माझी पोरं गणवेशात दोन्ही बाजूंनी उभी, नवरदेवाला सलामी द्यायला. एकदा कुणीतरी पुढारी इंदूरकडे जाणार होते, तर त्यांच्या स्वागताला आग्रा रोडवर सबंध शाळा उभी केली. एप्रिलचं ऊन. डांबर बुटाला चिकटत होतं. तीन तासांनी गाड्या आल्या आणि काचा वर करून निघून गेल्या. चार पोरं चक्कर येऊन पडली, त्यांना मी लिंबाखाली निजवलं. संध्याकाळी अण्णासाहेब मला म्हणाले, उस्ताद, बाकीची मात्र हलली नाहीत, वा! आणि मी त्यांना सलाम ठोकला. त्या सलामाची मला आज चीड येते. तेव्हा बरं वाटलं होतं.

अशा शाळांना सरकारी अनुदान मिळायचं. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा वर कुठेतरी बोंब झाली, की हा खर्च वाया जातो. मग शाळा बघायला एक समिती निघाली. तिघे जण, एक निवृत्त कर्नलसाहेब, एक शिक्षण खात्यातले अधिकारी आणि एक वित्त खात्यातले. ते शाळा बघणार, ठीक वाटली तर अनुदान चालू, नाही तर बंद. आणि अनुदान बंद म्हणजे आमची शाळा बंद, यात कुणालाच शंका नव्हती. स्वयंपाक्यांपासून मेजरसाहेबांपर्यंत सगळ्यांची झोप उडाली. माझीही उडाली. पेन्शन तुटपुंजी, घरी शिकणाऱ्या दोन मुली, आणि त्याहून खरं म्हणजे त्या मैदानाशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं.

मेजरसाहेबांनी आम्हाला बोलावून कामं वाटून दिली. चुना मारा, पाट्या रंगवा, ग्रंथालयातली पुस्तकं पुसा. मला म्हणाले, उस्ताद, परेड तर तुम्ही कराल, त्याची मला काळजी नाही. पण समिती येईपर्यंत सिक रिपोर्ट निल पाहिजे.

हे समजावून सांगायला हवं. फौजेत रोज सकाळी हजेरीला विचारतात, कुणाला सिक रिपोर्ट करायची आहे का? ज्याला बरं नसेल तो एक पाऊल पुढे येतो. त्याचं नाव वहीत चढतं आणि त्याला डॉक्टरकडे पाठवतात. चांगली पद्धत आहे. आमच्याकडेही ती वही होती, आणि समिती ती वही मागते असं दुसऱ्या शाळांकडून कळलं होतं. वहीत नावं जास्त असली की म्हणतात, पाणी खराब, जेवण निकृष्ट, पोरं कमजोर. म्हणून मेजरसाहेबांना वहीत निल हवं होतं, निल म्हणजे शून्य. पोरं आजारी पडू नयेत यासाठी काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. आमची टाकी वर्षभर घासलेली नव्हती. ती घासा असंही ते म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणालो नाही.

मी माझ्या अकलेनं उपाय काढला. दुसऱ्या दिवशी हजेरीला जाहीर केलं, ज्याला सिक रिपोर्ट करायची आहे त्यानं पुढे यावं, आणि आधी मैदानाला तीन फेऱ्या माराव्यात. पळता आलं तर तो आजारी नाही. नाही आलं तर बघू. पहिल्या दिवशी तीन पोरं पुढे आली, त्यांतल्या दोघांनी फेऱ्या पुऱ्या केल्या आणि मुकाट वर्गात गेली. दुसऱ्या दिवशी एकच आलं. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, कोई तकलीफ? आणि अख्खी शाळा एका आवाजात ओरडली, नहीं उस्ताद! वहीत निल लिहिताना माझी छाती फुगली. लिहायला लाज वाटते, पण असंच झालं होतं.

नववीत लोटन नावाचा पोरगा होता. पारोळ्याकडचाच, शेतकऱ्याचा, अंगानं सडपातळ पण उंचीनं ताडमाड. सगळ्यात उंच, म्हणून उजव्या टोकाला. त्या टोकाच्या पोराला दर्शक म्हणतात. तो जिथे उभा राहील तिथून सगळी ओळ मान वळवून आपली जागा धरते. दर्शक जरा पुढेमागे झाला की शंभर पोरं वाकडी. लोटन कधी चुकला नाही. बोलायचाही कमी. घरची भाषा बोलला की शहरातली पोरं हसायची, म्हणून त्यानं बोलणंच कमी करून टाकलं होतं. मला तो फार आवडायचा. का आवडायचा, तर तो त्रास द्यायचा नाही, म्हणून.

समिती गुरुवारी येणार होती. मंगळवारी सकाळी मी नेहमीसारखं विचारलं आणि उजव्या टोकाला हालचाल दिसली. लोटननं अर्धं पाऊल पुढे टाकलं होतं. अख्खं नाही, अर्धं. मी त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. त्या एका क्षणात माझ्या डोक्यात काय आलं ते मी लपवणार नाही. हा गेला तर दर्शक बदलावा लागेल, सगळी ओळ नव्यानं बांधावी लागेल, आणि हातात दोन दिवस. याला काय झालंय, हा विचार आलाच नाही. त्यानं पाऊल मागे घेतलं. मी वहीत निल लिहिलं.

बुधवारी दोनदा रंगीत तालीम झाली. लोटन जेवला नाही असं त्याच्या शेजारच्या पोरानं मला सांगितलं. मी म्हटलं, परेडच्या आधी सगळ्यांचंच असं होतं.

गुरुवारी समिती आली. बँड वाजला, झेंडा वर गेला, आणि कर्नलसाहेब ओळ बघायला उतरले. ओळ उजवीकडून बघतात. म्हणजे पहिला लोटन. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ओठ पांढरे पडले होते. डिसेंबरची सकाळ होती, घाम यायचं कारण नव्हतं. मी कर्नलसाहेबांच्या मागे दोन पावलांवर होतो, मला सगळं दिसत होतं. कर्नलसाहेब थांबले. माणूस जुना होता, नजर पक्की होती. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "बेटा, तबीयत ठीक है?"

"ठीक है, श्रीमान!"

आवाज खणखणीत. मीच शिकवलेला. कर्नलसाहेबांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि मागच्या दोघांकडे वळून म्हणाले, "खर्च कशावर होतो विचारत होता ना? हे बघा, यावर होतो." शिक्षण खात्याच्या साहेबांनी खिशातून डायरी काढून काहीतरी लिहून घेतलं. आणि मी? मी खूष झालो. शाळा वाचली, असं माझ्या मनात आलं.

लोटन सगळं संचलन चालला. सलामी दिली, मान उजवीकडे वळवली, विसर्जन होईपर्यंत पाय चुकला नाही. मग समिती वर्ग बघायला गेली आणि हा स्वयंपाकघराच्या मागे जाऊन पडला. स्वयंपाक्यानं बघितलं आणि मला हाक मारली. पोट लाकडासारखं कडक झालेलं. मी जीपसाठी पळालो, तर जीप धुळ्याला बर्फ आणायला गेलेली. समितीच्या सरबताला बर्फ! मी त्याला खांद्यावर टाकलं आणि आग्रा रोडवर येऊन पहिल्या ट्रकच्या आडवा उभा राहिलो. ड्रायव्हर मारवाडकडचा होता. त्यानं शिव्या द्यायला तोंड उघडलं, पोराकडे बघितलं आणि केबिनचं दार उघडलं. धुळ्यापर्यंत लोटनचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी विचारलं, कधीपासून दुखतंय? म्हणाला, मंगळवारपासून, उस्ताद. मग सांगितलं का नाहीस, असं मी त्याला विचारलं. हो, विचारलं मी, निर्लज्जासारखं.

सिव्हिल हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी हात लावून बघितलं आणि धावपळ सुरू केली. अपेंडिक्स फुटलं होतं. पोटात पू झाला होता. ऑपरेशनला न्यायच्या आधी त्या माझ्यावर चिडून म्हणाल्या, दोन दिवस हा पोरगा कण्हलासुद्धा नाही? आणि मी काय म्हणावं? मी ताठ उभा राहून म्हटलं, "आमच्याकडे कण्हत नाहीत, मॅडम." सवय. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी अजून गणवेशात होतो, छातीवर पदकांच्या फिती, बूट चकाचक.

पोरगा वाचला. मरणाच्या दारातून आला, पण वाचला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं त्याचे वडील आले, आधारभाऊ. पांढरी टोपी, हातात भाकरीचं फडकं. दोन दिवस ते पोराच्या उशाशी बसून होते. माझ्याशी बोलले नाहीत, पण रागही दाखवला नाही. मीच चहा आणायचो, ते घ्यायचे. तिसऱ्या दिवशी लोटन झोपलेला असताना त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "उस्ताद, तुम्ही पोऱ्याले बठ्ठं शिकाडं. पोट दुखस तं सांगानं, हाई नही शिकाडं का?"

मला फौजेत बंदुकीच्या दस्त्याचा मार बसलाय, बर्फात पाय सुजलेत. पण असं मला कुणी कधी मारलं नव्हतं. बरं, माणूस ओरडला असता तर मीही ओरडलो असतो. बठ्ठं म्हणजे सगळं शिकवलंत, मग हे का नाही, एवढंच ते साधं विचारत होते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

लोटन बरा होऊन घरी गेला. त्याची पेटी मात्र वसतिगृहातच राहिली. काही महिन्यांनी समितीचा अहवाल आला आणि मेजरसाहेबांनी तो सगळ्या शाळेपुढे वाचून दाखवला. खर्च सार्थकी लागतो आहे, अनुदान चालू ठेवावं. लोटनला धुळ्याला नेल्याचं समितीला त्याच दिवशी कळलं होतं, म्हणून त्यात खास एक परिच्छेद होता : एका विद्यार्थ्यानं गंभीर आजार अंगावर असतानाही तक्रारीचा शब्द न काढता संचलन पूर्ण केलं, लष्करी शिक्षणाचं याहून मोठं फलित कोणतं! टाळ्या झाल्या. स्वयंपाकी टाळ्या वाजवत होते, मास्तर वाजवत होते. मीही वाजवल्या. नोकरी टिकली होती ना.

संध्याकाळी मात्र मला राहवलं नाही. मी मेजरसाहेबांच्या खोलीत गेलो आणि म्हटलं, साहेब, समितीला खरं काय ते कळवा. तीन फेऱ्यांचं कळवा, माझं नाव घालून कळवा. हा पोरगा शूर म्हणून उभा राहिला नाही, मला घाबरून उभा राहिला. मेजरसाहेब वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगायला हवं होतं. त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, "उस्ताद, मरता मरता वाचलीय शाळा. आता तुम्ही मारणार का तिला?"

मला तिथे तडकून उठायला हवं होतं. मी बसून राहिलो. माझ्या डोळ्यांपुढे जूनमधली ती पहिली ओळ आली, लंबा दाहिने, छोटा बायें. ती ओळ राहावी असं मला वाटत होतं, आणि पगारही राहावा असं वाटत होतं. दोन्हींत किती कशाचं होतं ते मला आजही सांगता येत नाही. मी सलाम केला आणि बाहेर आलो. बाकावरच्या लोकांनो, तुम्ही पुरावे मागता ना? तो अहवाल अजून कुठेतरी कपाटात असेल. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे आणि तरी तो खोटा आहे, आणि त्या खोट्यावर माझी सही नसली तरी ते माझंच आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण अण्णासाहेबांना हुक्की आली. वार्षिक संमेलनात लोटनला व्यासपीठावर बोलवायचं, हार घालायचा, पदक द्यायचं, पुढची सगळी फी माफ. मेजरसाहेब मला म्हणाले, तुमचं त्याच्याशी जमतं, तुम्ही घेऊन या. मी नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला जायचंच होतं. तो परत आला तर मी सुटणार होतो. तो परत उजव्या टोकाला उभा राहिला, की झालं गेलं पुसून जाणार होतं. स्वतःसाठी गेलो मी, पोरासाठी नाही.

पारोळ्याला एस.टी. बदलली आणि पुढे चालत गेलो. दुपारचे चार वाजले असतील. आधारभाऊंच्या घरापुढे कापूस पसरला होता आणि लोटन त्यातला पाचोळा वेचत बसला होता. मला बघितलं आणि उठून सावधानमध्ये उभा राहिला. टाचा जुळलेल्या, मुठी मांडीला. पायात चप्पल नव्हती, एका तळव्याला चिंधी बांधलेली. गल्लीतून जाणाऱ्या दोघी बाया थांबून बघायला लागल्या.

आधारभाऊंनी बाज टाकली, मला बसवलं, पाणी दिलं. पायाला काय झालं असं मी विचारलं. ते म्हणाले, चार दिवसांपूर्वी शेतात खिळा गेला. तसाच काम करत राहिला. आईनं अंथरुणाला रक्त बघितलं तेव्हा घरात कळलं. मग माझ्याकडे न बघता, कापसाकडे बघत म्हणाले, "आते तो घरमां बी कोणले काही सांगत नही."

मी जे बोलायला आलो होतो ते बोलून टाकलं. पदक, हार, फी माफ, बारावीनंतर अधिकाऱ्याची परीक्षा, आणि मी स्वतः तयारी करून घेईन. बोलताना मला माझाच आवाज किळसवाणा वाटत होता, तरी मी सगळं बोललो. आधारभाऊ म्हणाले, त्याले इचारा. म्हणजे निर्णय त्याचा. मी बाजेवरून उठलो आणि लोटनसमोर जाऊन उभा राहिलो. तो अजून सावधानमध्येच होता, नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे. मी विचारलं, "येशील ना परत?"

शाळेची हिंदी नाही, वर्गातली मराठी नाही, घरच्या बोलीत तो अगदी हळू म्हणाला, "मी नही येवाव, उस्ताद."

माझं रक्त सळसळलं. इतक्या वर्षांत एकाही पोरानं मला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. दरडावायला तोंड उघडलंसुद्धा होतं. मग त्याच्या गळ्याची शीर उडताना दिसली. घाबरलेला होता, तरी या वेळी पाऊल मागे घेतलं नव्हतं.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "मोठ्यानं सांग."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.